व्हिगाबाट्रिन: मोजून द्यायचं, मोजक्याच महिन्यांसाठी

झोपेतून उठल्या उठल्या बाळाचे दोन्ही हात एकदम उघडतात, मान पुढे झुकते, गुडघे पोटाशी येतात. एक-दोन सेकंदांत सगळं सैल पडतं. थोड्या वेळाने पुन्हा तेच, आणि पुन्हा. अशी माळच लागते आणि शेवटी बाळ रडू लागतं. बघणाऱ्याला वाटतं, पोटात कळ आली असेल. आम्हालाही तेच वाटलं होतं. आमचा मुलगा तेव्हा साडेपाच महिन्यांचा होता, आणि ती कळ नव्हती. त्याला इन्फंटाइल स्पाझम म्हणतात. बाळाच्या पहिल्या वर्षात, बहुतेकदा तिसऱ्या ते बाराव्या महिन्यात सुरू होणारा हा अपस्माराचा गंभीर प्रकार आहे. ईईजीत मेंदूच्या लहरींचा नुसता गोंधळ दिसतो आणि शिकलेल्या गोष्टी बाळ विसरायला लागतं. आमचा मुलगा हसायचा थांबला होता.

या आजारावर जी मोजकी औषधं खरोखर काम करतात त्यांतलं एक म्हणजे व्हिगाबाट्रिन. मी डॉक्टर नाही. पण आठ महिने रोज सकाळ-संध्याकाळ हे औषध मी मोजलं, विरघळवलं, पाजलं आणि शेवटी टप्प्याटप्प्याने बंद केलं. त्यात जे शिकले आणि बालमेंदुविकारतज्ज्ञांकडून जे समजून घेतलं, ते इथे सविस्तर लिहिते आहे. डोस ठरवणं हे डॉक्टरांचंच काम. ठरलेला डोस बाळाच्या पोटात अचूक पोचवणं आणि पुढे काय होतंय ते पाहत राहणं मात्र आपल्या हातात असतं, आणि चुका तिथेच होतात.

हे औषध नेमकं काय करतं

मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं. चेतापेशींची उत्तेजना आवरायचं काम ते करतं. या गाबाचं विघटन करणारं एक एन्झाइम असतं, व्हिगाबाट्रिन ते कायमचं निकामी करतं. त्यामुळे मेंदूत गाबा साठतं आणि झटके थांबायची शक्यता वाढते. ट्युबरस स्क्लेरोसिस (मेंदूसह अनेक अवयवांत गाठी करणारा जनुकीय आजार) असलेल्या बाळांमध्ये याचा परिणाम विशेष चांगला दिसतो. त्यांच्यासाठी बहुतेक तज्ज्ञ हेच औषध आधी निवडतात.

दुसरी बाजूही पहिल्याच दिवशी समजून घ्यावी. हे औषध डोळ्यांच्या दृष्टिपटलाला इजा करू शकतं. १९९७ मध्ये अशा रुग्णांची पहिली नोंद झाली. नजरेच्या कडा हळूहळू आत सरकत जातात, समोरचं दिसतं पण बाजूचं दिसेनासं होतं, आणि गेलेली ती दृष्टी परत येत नाही. डोस जितका जास्त आणि काळ जितका लांब, तितका धोका वाढतो. कुठल्या मर्यादेच्या आत तो शून्य असतो, असं मात्र सांगता येत नाही.

हे ऐकल्यावर माझा पहिला विचार होता, नकोच हे औषध. डॉक्टरांनी शांतपणे दुसरं चित्र दाखवलं: झटके चालू राहिले तर रोज मेंदूचं नुकसान होत राहतं, आणि उपचार जितके लवकर तितकं पुढचं आयुष्य बरं असण्याची शक्यता जास्त. म्हणून भीतीपोटी आठवडा-दोन आठवडे थांबून राहू नका. सुरुवात लवकर करायची, मोजून द्यायचं, उपयोग होतोय का ते ठरल्या दिवशी तपासायचं आणि गरज संपली की डॉक्टरांबरोबर ठरवून थांबवायचं. रेंगाळू द्यायचं नाही.

पहिली पुडी फोडण्याआधी

डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडण्याआधी तीन आकडे कागदावर लिहून घ्या: बाळाचं आजचं वजन, एका वेळचे मिलिग्रॅम आणि एका वेळचे मिलिलिटर. तिसरा आकडा डॉक्टरांकडूनच लिहून घ्या, घरी हिशेब करू नका. हिशेब समजून मात्र जरूर घ्या, म्हणजे चिठ्ठीत काही चुकलं असेल तर ते तुमच्या लक्षात येईल.

हिशेब असा असतो. इन्फंटाइल स्पाझमसाठी सुरुवात साधारणपणे दर किलो वजनाला दिवसाला ५० मिलिग्रॅमने होते, आणि हा डोस दोन वेळांत विभागतात. बाळ ७ किलोचं असेल तर दिवसाचे ३५० मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळी १७५. झटके थांबले नाहीत तर दर तीन दिवसांनी किलोमागे २५ ते ५० मिलिग्रॅमने वाढवत डॉक्टर किलोमागे १५० पर्यंत नेऊ शकतात.

“दिवसाचे” आणि “एका वेळचे” यांत गोंधळ झाला तर बाळाला दुप्पट किंवा निम्मा डोस जातो. मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांत गोंधळ झाला तर चूक त्याहून कितीतरी मोठी होते. म्हणून चिठ्ठीवर “सकाळी इतके मिलि, रात्री इतके मिलि” अशा शब्दांत लिहून मागा. त्यात संकोच करू नका.

औषध हातात आल्यावर त्याचं रूप पाहा. नेहमी मिळते ती ५०० मिलिग्रॅमची भुकटीची पुडी. काही ठिकाणी पाण्यात विरघळणाऱ्या १०० मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात. १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असं तयार द्रावणही आता निघालं आहे. पुडीपासून घरी केलेल्या द्रावणात १ मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम असतात. म्हणजे तयार द्रावण त्याच्या दुप्पट तीव्र. औषधाचं रूप बदललं आणि तुम्ही जुन्याच मिलिलिटरने देत राहिलात तर बाळाला दुप्पट औषध जाईल. पाकीट वेगळं दिसलं तर ते उघडण्याआधी डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टना फोन करा.

बाळाला मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर तो आधी सांगा. हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे मूत्रपिंड कमी काम करत असेल तर डोस कमी करावा लागतो.

पुडी विरघळवणं

सगळ्यात जास्त अचूकता लागते ती इथे. लागणाऱ्या वस्तू: एक स्वच्छ छोटी वाटी किंवा कप, ढवळायला स्वच्छ चमचा, पाणी मोजायला १० मिलिची सिरिंज आणि औषध पाजायला सुई नसलेली तोंडावाटे द्यायची वेगळी सिरिंज. डोस लहान असेल तर ३ मिलिची सिरिंज घ्या, तिच्यावरच्या रेघा नीट वाचता येतात. घरातला चमचा किंवा बाटलीचं झाकण माप म्हणून कधीही वापरू नका.

१. हात धुवा आणि टेबल कोरडं करा. बाळ जागं आहे ना ते पाहा. औषध तयार करून ठेवायचं नाही, लगेच पाजायचं असतं.

२. पुडी टेबलावर हलकी आपटा म्हणजे भुकटी खाली बसेल. मग वरून कापून सगळी भुकटी वाटीत रिकामी करा. पुडीच्या कोपऱ्यात काही राहिलं नाही ना ते बघा.

३. सिरिंजने बरोबर १० मिलि पाणी घ्या आणि भुकटीवर सोडा. पाणी थंड किंवा साधं असावं, गरम नको. दूध, ज्यूस किंवा पेजेत विरघळवायचं असेल तर आधी विचारा. आम्हाला फक्त पाण्यातच करायला सांगितलं होतं.

४. द्रावण पूर्ण स्वच्छ, रंगहीन होईपर्यंत ढवळा. गढूळपणा किंवा कण राहिले तर अजून ढवळा. तरीही ते तसंच राहिलं तर टाकून द्या आणि नवी पुडी घ्या.

५. पाजायच्या सिरिंजमध्ये ठरलेले मिलि ओढा. सिरिंज डोळ्यांच्या पातळीला धरून बघा. हवेचा बुडबुडा असेल तर टोक वर करून हलकी टिचकी मारा, हवा बाहेर काढा आणि माप पुन्हा पाहा.

६. वाटीतलं उरलेलं द्रावण टाकून द्या. संध्याकाळसाठी फ्रिजमध्ये ठेवू नका. एवढं महागाचं औषध सांडून देताना जीव तुटतो, हे मला माहीत आहे. तरीही टाकाच.

आता ७ किलोच्या बाळाचा हिशेब पुढे नेऊ. १७५ मिलिग्रॅम म्हणजे ३.५ मिलि. एक पुडी, १० मिलि पाणी, त्यातले ३.५ मिलि बाळाला. याच बाळाचा डोस किलोमागे १५० वर गेला की एका वेळचे ५२५ मिलिग्रॅम होतात, म्हणजे १०.५ मिलि. हे एका पुडीत बसत नाही. मग दोन पुड्या, २० मिलि पाणी आणि त्यातले १०.५ मिलि. इथेच एक चूक फार सहज होते. दोन पुड्या टाकल्या जातात, पण पाणी सवयीने १० मिलिच घेतलं जातं. द्रावण दुप्पट तीव्र होतं आणि डोळ्यांना काहीच वेगळं दिसत नाही. म्हणून आम्ही वाटीजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: “१ पुडी = १० मिलि, २ पुड्या = २० मिलि.”

कोणी सांगेल, अर्धी पुडी अंदाजाने टाका, म्हणजे वाया जाणार नाही. तसं करू नका. भुकटी नजरेने अर्धी होत नाही.

पाजताना बाळाला मांडीवर अर्धवट बसतं धरा. सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला लावा आणि थोडं थोडं सोडत जा, मध्ये गिळायला वेळ द्या. घशाकडे जोरात मारू नका. हे औषध पोट भरलेलं असताना किंवा रिकामं असताना, केव्हाही चालतं. दुधाच्या भरल्या बाटलीत मिसळू नका, कारण बाटली अर्धी राहिली तर किती औषध गेलं ते कोणालाच सांगता येणार नाही. बाळ झटक्यांच्या मालिकेत असेल किंवा नीट जागं नसेल तर तोंडात काहीही घालू नका, औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं.

उलटी झाली, डोस चुकला, दोनदा दिला गेला

उलटी झाली किंवा बाळाने निम्मं थुंकलं तर अंदाजाने पुन्हा देऊ नका. किती वेळाने आणि किती बाहेर आलं ते लिहा आणि डॉक्टरांना विचारा. हा प्रश्न औषध सुरू होण्याआधीच विचारून ठेवलेला बरा, कारण उलटी होते ती रात्री अकराला. डोस द्यायचा राहून गेला तर काय करायचं, तेही तेव्हाच विचारून घ्या. पुढच्या वेळी दोन डोस एकत्र मात्र कधीच द्यायचे नाहीत.

आमच्याकडून दुहेरी डोसची चूक झाली. एका संध्याकाळी मुलाच्या बाबांनी औषध दिलं आणि ते बाहेर गेले. अर्ध्या तासाने मी आले, वाटी धुतलेली दिसली, वाटलं अजून द्यायचंय, आणि मी पुन्हा दिलं. लक्षात आलं तेव्हा हातपाय गार पडले. तपासणीसाठी नेलं. मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पेंगत होता, पण सुखरूप होता. त्या रात्रीपासून दाराला एक तक्ता लागला: तारीख, सकाळ, रात्र, किती मिलि, कोणी दिलं. औषध देऊन झाल्यावर लगेच सही करायची. सही नसेल तर आधी फोन, मगच पुडी. जादा डोस गेला असेल तर बाळ बरं दिसलं तरी वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. बाळ हलवूनही जागं होत नसेल किंवा श्वास मंद वाटत असेल तर थेट आपत्कालीन विभाग गाठा.

उपयोग होतोय का, हे कसं ओळखायचं

या आजाराचं पहिलं वर्णन एका वडिलांनी केलं. १८४१ मध्ये इंग्लंडमधल्या विल्यम वेस्ट या डॉक्टरांनी आपल्याच मुलाचे झटके बारकाईने लिहून प्रसिद्ध केले. त्यांच्या हातात ना ईईजी होता ना औषध, होतं ते फक्त निरीक्षण. आजही घरच्या निरीक्षणाला पर्याय नाही, कारण तपासणीच्या वीस मिनिटांत झटका येईलच असं नाही.

रोजची नोंद अशी ठेवा: किती मालिका आल्या, कोणत्या वेळी, प्रत्येक मालिकेत साधारण किती झटके. मोजताना दमायला होतं, पण “कालपेक्षा बरं वाटतंय” या वाक्यावर डॉक्टर निर्णय घेऊ शकत नाहीत. आठवड्यातून दोन-तीनदा मोबाइलवर व्हिडिओ घ्या, बाळाचं पूर्ण अंग दिसेल असा. झटके हलके झाले की ते नुसतं डोळे वर जाण्यासारखे किंवा मान किंचित हलण्यासारखे दिसतात आणि नजरेतून सुटतात. झोपेतून उठण्याची वेळ सगळ्यात महत्त्वाची, त्या पाच-दहा मिनिटांत बाळाजवळच बसा.

इथे झटके कमी होणं पुरेसं मानत नाहीत. ते पूर्ण थांबायला हवेत आणि ईईजीतला गोंधळही निवळायला हवा. म्हणून पुन्हा ईईजी करतात. साधारण दोन ते चार आठवड्यांत ठळक फायदा दिसला नाही तर औषध चालू ठेवण्यात अर्थ नसतो, कारण डोळ्यांचा धोका तर चालूच राहतो. सुरुवातीलाच ती तारीख कॅलेंडरवर लिहा आणि त्या दिवशी स्वतःहून विचारा: हे चालू ठेवायचं का, बदलायचं का, की सोबत हार्मोनचं औषध, म्हणजे स्टेरॉइडसारखं काही, द्यायचं? काही बाळांना व्हिगाबाट्रिनसोबत प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइडही देतात. मग रक्तदाब, संसर्ग आणि लसींचं वेळापत्रक यांकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं, आणि ते औषधही एकदम थांबवायचं नसतं.

अंगावर दिसणारे परिणाम

पहिले काही दिवस बाळ पेंगतं. काही बाळं उलट चिडचिडी होतात, रात्री झोपत नाहीत. अंग थोडं सैल पडू शकतं, वजन वाढू शकतं, कानाचा संसर्ग किंवा खोकला होऊ शकतो. पेंग किती चालते हे नेहमीच्या दोन गोष्टींवरून ठरवा: बाळ दूध पिण्यापुरतं जागं होतंय का, आणि ओळखीच्या आवाजाला वळतंय का. दूध पिणंच कमी झालं तर वाट पाहू नका.

जास्त डोसवर काही बाळांच्या एमआरआयमध्ये मेंदूच्या आतल्या भागांत बदल दिसतात. डोस कमी केल्यावर किंवा औषध बंद केल्यावर ते सहसा नाहीसे होतात. बाळाला नव्याने विचित्र हालचाली सुरू झाल्या, गिळता येईना किंवा सुस्ती खूप वाढली तर हे डॉक्टरांच्या कानावर घाला. झटक्यांचा प्रकार बदलला तरीही सांगा, कारण काही प्रकारचे झटके या औषधाने वाढू शकतात.

बाळाच्या वजनाकडेही लक्ष हवं. या वयात महिन्याभरात वजन बदलतं आणि तोच डोस किलोमागे कमी पडू लागतो. प्रत्येक भेटीत वजन करा आणि डोस तोच ठेवायचा की बदलायचा, ते विचारा.

पाच मिनिटांपेक्षा लांबलेला झटका ही आणीबाणी आहे. बाळाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ लावा, डॉक्टरांनी मिडाझोलामसारखं आपत्कालीन औषध दिलं असेल तर शिकवल्याप्रमाणे द्या आणि मदत बोलवा. व्हिगाबाट्रिनचा जादा डोस हा त्यावरचा उपाय नाही.

दुसऱ्या डॉक्टरांना काय सांगायचं

हे फार कमी पालकांना सांगितलं जातं. व्हिगाबाट्रिनमुळे यकृताच्या तपासणीतले एएलटी आणि एएसटी हे आकडे कमी दिसतात. म्हणजे यकृताला त्रास असूनही रिपोर्ट साफ येऊ शकतो. लघवीतली अमिनो आम्लं वाढतात, त्यावरून चयापचयाचा एखादा दुर्मीळ आजार असल्याचा चुकीचा संशय येऊ शकतो. सोबत फेनिटॉइन हे अपस्माराचं दुसरं औषध चालू असेल तर रक्तातली त्याची पातळी घटते. म्हणून रक्त, लघवी किंवा कुठलंही नवीन औषध असो, आधी “व्हिगाबाट्रिन चालू आहे” हे सांगायचं. आम्ही ते फाइलच्या मुखपृष्ठावरच लिहिलं होतं.

डोळे

पहिली तपासणी औषध सुरू होताना, उशिरात उशिरा चार आठवड्यांच्या आत. मग औषध चालू असेपर्यंत दर तीन महिन्यांनी, आणि बंद केल्यावर तीन ते सहा महिन्यांनी एकदा. वेळापत्रक देशागणिक आणि डॉक्टरांगणिक थोडं बदलतं, पण तपासणी टाळायची नाही. तान्ह्या बाळाला “बाजूचा दिवा दिसला का” असं विचारता येत नाही. त्यामुळे नेत्रतज्ज्ञ बाळ वस्तूकडे कसं बघतं ते पाहतात, बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासतात, आणि गरज वाटल्यास दृष्टिपटलाचे विद्युत संकेत मोजणारी ईआरजी चाचणी करतात. तपासणीने इजा टळत नाही, ती लवकर कळते.

घरी काही दिसेल म्हणून थांबू नका. मधली दृष्टी शाबूत राहते, त्यामुळे बाळ खेळणं पकडतं, चेहरा ओळखतं, आणि कडा मात्र गेलेल्या असू शकतात. रांगायला लागलेलं मूल बाजूच्या वस्तूंना वारंवार धडकत असेल तर तेवढं नक्की सांगा.

बंद करताना

औषध संपलं म्हणून बंद झालं, असं कधीही होऊ देऊ नका. एकदम थांबवलं तर झटके जोरात उसळू शकतात. किमान आठवड्याभराच्या पुड्या नेहमी शिल्लक असू द्या. प्रवासात त्या सामानात न ठेवता जवळच्या पिशवीत ठेवा.

उपयोग झाला असेल तर अनेक तज्ज्ञ साधारण सहा महिन्यांनी बंद करायचा विचार करतात. ट्युबरस स्क्लेरोसिसमध्ये हा काळ लांबू शकतो. डोस पायरीपायरीने उतरवतात. बाळांसाठी दर तीन-चार दिवसांनी किलोमागे २५ ते ५० मिलिग्रॅम कमी करणं ही एक नेहमीची पद्धत, पण आमच्या डॉक्टरांनी त्याहून सावकाश उतरवलं. प्रत्येक पायरीचे मिलि आणि तारीख लिहून घ्या. झटक्यांची वही मिटू नका, उलट या दिवसांत उठण्याच्या वेळा जास्त काळजीने पाहा. एक जरी मालिका दिसली तर त्याच दिवशी फोन करा.

शेवटचा डोस मी एका सकाळी दिला आणि तक्त्यावर सही केली. तो तक्ता, सगळ्या चिठ्ठ्या, किती महिने किती डोस दिला त्याचा हिशेब आणि नेत्रतज्ज्ञांचे कागद एकाच फाइलमध्ये आहेत. मूल साधारण नऊ वर्षांचं आणि समजून उत्तर देणारं झालं की नजरेच्या कडा मोजणारी खरी चाचणी करता येते. कडेला दिवा चमकला की बटण दाबायचं असतं. आमचा मुलगा आता चार वर्षांचा आहे. त्या चाचणीच्या दिवशी ही फाइल सोबत न्यायची, म्हणून ती मी जपून ठेवली आहे.